समोरच्याने भाव पाडला, आता मी काय करू? मोबाइल कंपन्यांच्या दरयुद्धाचा धडा



दर आठवड्याला मला एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, समोर नवीन दुकान झालंय, त्याने भाव पाडलाय. मीही पाडू का?" मी म्हणते, थांबा, आधी हिशेब करू. की लगेच पुढचं वाक्य येतं, "पण जिओने नाही का केलं? आधी फुकट वाटलं आणि आज नंबर एकला आहे!"

आजचा व्हिडिओ याच "जिओने नाही का केलं" वर आहे. व्हिडिओत आकडे भरभर जातात, म्हणून तोच धडा इथे सावकाश मांडते. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

सुरुवातीलाच सांगून टाकते: भाव पाडणं कुणालाही जमतं. दरयुद्धात टिकतो तो, ज्याचा खर्च समोरच्यापेक्षा कमी आहे आणि ज्याला जास्त दिवस तोटा सोसता येतो. मोबाइल कंपन्यांच्या तीस वर्षांत हे पुन्हा पुन्हा दिसतं.

१६ रुपयांपासून फुकटापर्यंत

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला. त्या काळी गर्दीच्या वेळेत मिनिटाला १६ रुपयांच्या आसपास दर होता, आणि आलेला फोन उचलायलाही पैसे पडायचे. म्हणून लोक नंबर बघायचे, फोन कट करायचे आणि पीसीओवर जाऊन उलट फोन करायचे.

तिथून दर खाली आले ते तीन मोठ्या धक्क्यांनी.

पहिला धक्का २००३ चा. डिसेंबर २००२ च्या अखेरीस रिलायन्स इन्फोकॉमची सेवा सुरू झाली. पुढच्या पावसाळ्यात "मान्सून हंगामा" आला: ५०१ रुपये भरा, फोन घेऊन जा, बाकीचं महिन्याच्या हप्त्यात. त्याच वर्षी इनकमिंगही फुकट झालं. गिऱ्हाइकांची रांग लागली, पण पुढे बिल थकवणाऱ्यांचा मोठा प्रश्न उभा राहिला. उधारीवर विक्री वाढवली की काय होतं, हे किराणा दुकानदाराला वेगळं सांगायला नको.

दुसरा धक्का २००९ चा. तोवर सगळे मिनिटाच्या हिशेबाने पैसे घ्यायचे. ६१ सेकंद बोललात तर दोन मिनिटांचे पैसे. टाटा डोकोमोने सांगितलं, सेकंदाला १ पैसा, जेवढं बोलाल तेवढंच द्या. ग्राहकांना हे फार आवडलं. पण काही महिन्यांतच एअरटेल, व्होडाफोन, आयडिया, रिलायन्स सगळ्यांनी सेकंदाचे प्लॅन आणले.

तिसरा धक्का ५ सप्टेंबर २०१६ चा. जिओ सुरू झालं. कॉल कायमचे फुकट, आणि डेटा ३१ डिसेंबरपर्यंत फुकट, नंतर वाढवून ३१ मार्च २०१७ पर्यंत फुकट. त्याआधी एका जीबीला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत होते. सहा महिन्यांच्या आत जिओकडे १० कोटी ग्राहक झाले.

मग उरलं कोण?

२०१० च्या सुमारास एकेका सर्कलमध्ये दहा-बारा कंपन्या होत्या. आता हजेरी घेऊ या.

मुंबईकरांना लूप आठवत असेल, आधीचं बीपीएल. ते २०१४ मध्ये बंद झालं. अनिल अंबानींच्या रिलायन्स कम्युनिकेशन्सने डिसेंबर २०१७ मध्ये मोबाइलवरची कॉल सेवा बंद केली. एअरसेल २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. टेलिनॉर, म्हणजे आधीची युनिनॉर, एअरटेलमध्ये विलीन झाली.

आणि सेकंदाच्या दराची कल्पना आणणारी टाटा? ऑक्टोबर २०१७ मध्ये मोबाइल ग्राहकांचा धंदा एअरटेलला द्यायचं जाहीर झालं. सुमारे ४ कोटी ग्राहक गेले, आणि टाटांना त्याबद्दल रोख मोबदला मिळाला नाही.

व्होडाफोन आणि आयडिया ३१ ऑगस्ट २०१८ रोजी एक झाल्या. त्या दिवशी ती देशातली सर्वात मोठी मोबाइल कंपनी होती, ४० कोटींहून जास्त ग्राहक. आज ती संख्या साधारण निम्म्यावर आली आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला द्यायच्या महसुलाच्या वाट्याबद्दल निकाल दिला आणि त्या तिमाहीत कंपनीने सुमारे ५१ हजार कोटी रुपयांचा तोटा दाखवला. पुढे सरकारची देणी शेअरमध्ये बदलत गेली आणि २०२५ मध्ये सरकारचा हिस्सा ४९ टक्क्यांच्या जवळ पोहोचला.

सगळ्याच कंपन्या फक्त दरयुद्धाने गेल्या असं नाही. २ फेब्रुवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले, स्पेक्ट्रम महाग पडलं, कर्जं होतीच. पण दर पडलेले असताना हातात शिल्लक राहत नाही, आणि शिल्लक नसली की बाहेरचा एखादा धक्काही झेपत नाही. तुमच्या दुकानाला हाच नियम लागतो. भाव पाडून तुम्ही कसंबसं चालवत असता, आणि नेमका त्याच वर्षी मालक भाडं वाढवतो.

फोन कंपनीचा खर्च वेगळा, तुमचा वेगळा

हा धड्याचा गाभा आहे, इथे घाई करू नका.

धंद्यात दोन प्रकारचे खर्च असतात. एक स्थिर खर्च: भाडं, पगार, कर्जाचा हप्ता. माल विकला नाही तरी तो लागतोच. दुसरा नगामागचा खर्च, म्हणजे एक नग जास्त विकला की वाढतो तो.

मोबाइल कंपनीचा जवळपास सगळा खर्च स्थिर आहे. टॉवर, केबल, स्पेक्ट्रम. हे एकदा उभं राहिलं आणि जाळ्यावर जागा रिकामी असली, की तुम्ही केलेला आणखी एक कॉल कंपनीला जवळपास फुकट पडतो. म्हणून ती काही महिने फुकट वाटू शकते. रिकामी एसटी निघालीच आहे, त्यात आणखी एक प्रवासी बसला तर डिझेल किती वाढणार?

आता तुमचं दुकान बघा. १०० रुपयांचं मोबाइल कव्हर तुम्ही ८० ला आणलंय. फुकट दिलंत तर प्रत्येक कव्हरामागे ८० रुपये खिशातून गेले. शंभर गिऱ्हाइकं आली तर ८ हजार. तुमच्याकडे गर्दी जितकी जास्त, तितका तोटा मोठा.

माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे, म्हणून झेरॉक्सचं उदाहरण देते. हा धंदा थोडा फोन कंपनीसारखाच आहे, मशीनचा हप्ता स्थिर असतो. आकडे समजायला सोपे घेतलेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा एका प्रतीला २ रुपये घेता. कागद, टोनर, मशीनची देखभाल मिळून एका प्रतीचा खर्च १ रुपया. म्हणजे प्रतीमागे १ रुपया उरतो. भाडं, मुलाचा पगार आणि मशीनचा हप्ता मिळून महिन्याला ३० हजार. म्हणजे ना नफा ना तोटा होण्यासाठी ३० हजार प्रती हव्यात. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोज साधारण साडेअकराशे.

समोरच्याने दीड रुपया केला, तुम्हीही केला. आता प्रतीमागे उरतात ५० पैसे. भाव उतरला पंचवीस टक्के, पण शिल्लक उतरली निम्म्यावर. खर्च भागवायला आता ६० हजार प्रती लागतील, रोज तेवीसशे. तेवढी मुलं तुमच्या कॉलेजात आहेत का? असली तर ती एका मशीनवर निघतील का? परीक्षेच्या दिवसांत रांग लागेलही, पण मे महिन्यात?

सवलतीचा तक्ता

हे सूत्र वहीत लिहून ठेवा:

आताची विक्री किती पट व्हायला हवी = मार्जिन ÷ (मार्जिन वजा सवलत)

मार्जिन म्हणजे १०० रुपयांच्या विक्रीत माल आणण्याचा खर्च वजा जाता किती उरतात ते.

- मार्जिन २० टक्के, सवलत ५ टक्के: २० ÷ १५, म्हणजे विक्री ३३ टक्क्यांनी वाढायला हवी.
- मार्जिन २० टक्के, सवलत १० टक्के: विक्री दुप्पट.
- मार्जिन २० टक्के, सवलत १५ टक्के: विक्री चौपट.
- मार्जिन ४० टक्के, सवलत १० टक्के: विक्री ३३ टक्क्यांनी जास्त.
- मार्जिन ४० टक्के, सवलत २० टक्के: विक्री दुप्पट.

आणि लक्षात घ्या, एवढं करून तुम्ही फक्त जुन्या ठिकाणी परत येता. जास्तीचा नफा झालेला नाही, कष्ट मात्र दुप्पट झाले.

जिओने नक्की काय केलं?

फुकट वाटणं लोकांना दिसलं. त्याच्या मागच्या चार गोष्टी दिसल्या नाहीत.

एक, जाळं नवीन होतं. जुन्या कंपन्या २जी, ३जी आणि ४जी असे तीन संसार सांभाळत होत्या. जिओचं फक्त ४जी होतं, आणि कॉलही डेटावरूनच जायचा. त्यामुळे कॉल फुकट देणं त्यांना परवडत होतं. म्हणजे आधी खर्च कमी करायची सोय केली, मग भाव पाडला.

दोन, मागे रिलायन्सचा तेलशुद्धीकरण आणि पेट्रोकेमिकल्सचा धंदा होता. सेवा सुरू व्हायच्या आधीच जिओत सुमारे दीड लाख कोटी रुपये गुंतवले गेले होते. तोटा सोसायची ताकद तिथून आली.

तीन, फुकटाला शेवटची तारीख होती. पहिल्या दिवसापासून लोकांना ती माहीत होती, आणि ती पुढे ढकलली तेव्हाही नवी तारीख जाहीर झाली.

चार, फुकटाच्या शेवटी एक दार होतं. ९९ रुपयांची प्राइम मेंबरशिप घ्या, मग महिन्याला ३०३ चा प्लॅन. ३१ मार्च २०१७ पर्यंत ७ कोटी २० लाख लोकांनी ती घेतली. सवलती त्यानंतरही चालू राहिल्या, पण "हा ग्राहक पैसे देणारा आहे" हे तिथे ठरलं.

आता स्वतःला विचारा. माझा खर्च समोरच्यापेक्षा खरंच कमी आहे का? मागे दुसरं उत्पन्न आहे का? सवलतीची शेवटची तारीख बोर्डावर लिहिली आहे का? सवलत संपल्यावर गिऱ्हाईक काय विकत घेणार, हे ठरलंय का? चारही उत्तरं "नाही" असतील, तर तुम्ही जिओची फक्त पाटी आणलीत, दुकान नाही.

एअरटेल कशी टिकली?

मला जिओपेक्षा एअरटेलचा धडा छोट्या दुकानदाराच्या जास्त कामाचा वाटतो. भाव तिलाही पाडावा लागला. २०१८ मध्ये तिला भारतात एका ग्राहकामागे महिन्याला सरासरी शंभर रुपयांच्या आसपास मिळत होते. त्या वर्षाच्या अखेरीस तिने आणि व्होडाफोन आयडियाने नियम केला: सिम चालू ठेवायचं तर महिन्याला किमान ३५ रुपयांचं रिचार्ज. नुसतं इनकमिंगसाठी सिम ठेवणारे कोट्यवधी लोक त्यामुळे कमी झाले. पण जे राहिले ते पैसे देणारे होते, आणि सरासरी वाढायला लागली.

पुढे डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१ आणि जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले. जिओचा २३९ चा प्लॅन २९९ झाला. त्या जुलैत तिघांचेही ग्राहक कमी झाले आणि बीएसएनएलचे सुमारे २९ लाखांनी वाढले. म्हणजे भाव बघून येणारा भाव बघून जातो, आणि नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय २०११ पासून देशभर आहेच. पण एअरटेलची ग्राहकामागची सरासरी एप्रिल ते जून २०२४ मध्ये २११ रुपये होती, ती पुढच्या तिमाहीत २३३ झाली. ग्राहक कमी, गल्ला जास्त.

तुमच्या तक्त्याचं उलटं गणितही असंच चालतं. मार्जिन २० टक्के असताना भाव ५ टक्के वाढवलात, तर २० ÷ २५. म्हणजे विक्री २० टक्क्यांनी घटली तरी हातात तेवढेच पैसे उरतात. हे गणित किती जण मांडतात? आपण गेलेलं गिऱ्हाईक मोजतो, राहिलेले पैसे मोजत नाही.

इथे एक सावधगिरी. मोबाइल कंपन्या दर वाढवू शकल्या कारण नवा स्पर्धक येणं जवळपास अशक्य आहे. स्पेक्ट्रम घ्या, टॉवर उभारा, हजारो कोटी घाला. तुमच्या धंद्यात पुढच्या पाडव्याला नवं दुकान उघडतं. त्यामुळे "आधी समोरच्याला बंद पाडू, मग भाव वाढवू" हा बेत आपल्यासाठी नाही. एक बंद पडेल, दुसरा येईल, आणि गिऱ्हाइकाला तोवर दीड रुपयाची सवय लागलेली असेल.

मग करायचं काय?

पहिलं, आठ दिवस भाव बदलू नका, फक्त मोजा. कोणती वस्तू कमी खपली? कोण यायचं थांबलं? बऱ्याचदा दहापैकी दोनच वस्तूंवर परिणाम झालेला असतो, आणि आपण घाबरून दहाही स्वस्त करतो.

दुसरं, तुमचा आणि समोरच्याचा दम मोजा. झेरॉक्सचंच बघा. दीड रुपया भावाने ४० हजार प्रती गेल्या, शिल्लक २० हजार, स्थिर खर्च ३० हजार. महिन्याला १० हजार तोटा. बाजूला ४० हजार असतील तर चार महिने. आणि समोरच्याचा गाळा स्वतःचा असेल, स्थिर खर्च १८ हजारच असेल, तर तेवढ्याच प्रतींत त्याला २ हजार उरतात. तो दहा वर्षं चालवेल. त्याच्याशी भावावर लढू नका.

तिसरं, लढायचंच असेल तर एका वस्तूवर लढा, तारीख लिहून. "फक्त ३० जूनपर्यंत, ५० पानांच्या वर, दीड रुपया." सरसकट नको. आणि त्या गिऱ्हाइकाला दुसरं काय द्यायचं ते आधी ठरवा: स्पायरल बाइंडिंग, लॅमिनेशन, प्रोजेक्टची फाइल.

चौथं, आधी खर्च खाली आणा. तीन-चार दुकानदार मिळून ठोक बाजारातून कागदाची खरेदी करा. एकत्र खरेदीने दर सुटतो. पण "आपण सगळे मिळून एकच भाव ठरवू" हा रस्ता धरू नका, स्पर्धा कायद्यात तो बसत नाही. आणि "समोरचा तोट्यात विकतो, तक्रार करू" असं मनात असेल तर हेही ऐका: जिओच्या फुकट सेवेविरुद्धची एअरटेलची तक्रार भारतीय स्पर्धा आयोगाने जून २०१७ मध्ये फेटाळली, कारण त्या वेळी जिओ बाजारात वरचढ स्थितीत नव्हती. समोरचं नवं दुकान तर मुळीच नसेल.

पाचवं, नक्कल करायला अवघड असं काहीतरी द्या. सेकंदाचा दर काही महिन्यांत सगळ्यांनी उचलला. भाव तर रात्रीत उचलता येतो, फक्त बोर्ड बदलायचा असतो. पण व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवली की कॉलेज सुटेपर्यंत बाइंडिंग करून तयार ठेवणं, नावानिशी ओळखणं, एक पान खराब निघालं तर न बोलता बदलून देणं, याला समोरच्याला सहा महिने लागतील. तेवढ्यात तुमचं गिऱ्हाईक पक्कं होतं.

गृहपाठ

आज रात्री दुकान बंद केल्यावर वहीत चार ओळी लिहा.

१. माझा महिन्याचा स्थिर खर्च किती?
२. सर्वात जास्त खपणाऱ्या तीन वस्तूंचं मार्जिन किती टक्के?
३. त्या प्रत्येकीवर १० टक्के सवलत दिली तर विक्री किती पट व्हायला हवी?
४. ती विक्री झाली नाही, तर मी किती महिने तग धरेन?

चौथ्या ओळीत तीनपेक्षा कमी आकडा आला, तर सवलतीचा बोर्ड अजून रंगवायला देऊ नका. आधी पहिल्या ओळीतला आकडा कमी कसा होईल ते बघा. पुढच्या व्हिडिओत आपण तेच करणार आहोत: भाडं, वीज आणि पगार न कापता स्थिर खर्चात कुठे कुठे हात घालता येतो. तोवर वही तयार ठेवा.